पिनकोडाच्या पुढचा रस्ता

ग्रामीण भागातील पार्सलवाटप हे वरकरणी शहरातील वाटपाचेच विरळ वस्तीत केलेले रूप वाटत असले, तरी दोहोंतील खरा फरक अंतराचा नसून पत्ता या कल्पनेच्या अर्थाचाच आहे. आणि कामाला लागण्यापूर्वी ज्याच्या तो ध्यानात येत नाही, त्याला तो पुढे स्वतःच्या खिशातून शिकावा लागतो. प्रस्तुत लेखकाने पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात हे काम दुचाकीवरून केले असून, पुढील विवेचन त्या अनुभवावर, विशेषतः त्यात झालेल्या चुकांवर, आधारलेले आहे.

भारतातील सहा अंकी पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि तिची आखणी डाक-तार खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. या अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग, पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. म्हणजे ही पद्धत पत्राला टपाल कार्यालयाच्या दारापर्यंत आणून सोडते आणि त्यापुढचे काम पोस्टमनच्या स्मरणशक्तीवर सोपवते. 410502 या एकाच क्रमांकाखाली जुन्नर शहराची पेठ येते आणि पश्चिमेकडील डोंगराळ गावेही येतात. हबमध्ये, म्हणजे पार्सलांची छाननी करून ती वाटणाऱ्यांच्या हवाली करणाऱ्या स्थानिक केंद्रामध्ये, हाच क्रमांक पाहून रोजची रनशीट (त्या दिवशी पोहोचवायच्या पार्सलांची यादी) तयार होते, आणि त्या यादीत पेठेतले पार्सल व घाटमाथ्यावरचे पार्सल शेजारी शेजारी निमूटपणे बसलेले असतात.

जुन्या मराठी पत्त्यात ही अडचण ओळखलेली होती. 'मु.' म्हणजे मुक्काम, अर्थात माणूस प्रत्यक्ष राहतो ते गाव, आणि 'पो.' म्हणजे ज्या गावच्या टपाल कार्यालयातून त्याचे टपाल येते ते गाव, असा भेद त्यात स्पष्ट केलेला असे. मुक्काम व पोस्ट एकच असेल तेव्हाच 'मु. पो.' असे जोडून लिहीत. ऑनलाइन खरेदीच्या अर्जात हा भेद उरलेला नाही, त्यामुळे ग्राहक पुष्कळदा पोस्टाच्या गावाचे नाव लिहितो आणि वाटणारा त्या गावात पोहोचल्यावर त्याला कळते की खरी वाडी आणखी सहा-सात किलोमीटर पुढे आहे. तालुक्याच्या पूर्वेकडील बागायती पट्ट्यात घरे गावठाणात नसून मळ्यांत विखुरलेली असतात, मळ्याला तेथील कुळाचे आडनाव असते आणि त्या मळ्यातील बहुतेक सर्व कुटुंबांचेही तेच आडनाव असते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो सर्वथा योग्यच होता; परंतु त्यामुळे नवे नाव कागदावर व जुने नाव लोकांच्या तोंडी असा काळ काही ठिकाणी अनुभवास येतो, आणि वाटणाऱ्याने अशा वेळी जुने नाव न उच्चारता शाळा, मंदिर किंवा दूध संकलन केंद्राच्या खुणेने विचारणे सभ्यपणाचे ठरते. वडिलांच्या नावासह माणूस, मळा, खूण आणि वळण अशी नोंद एका वहीत ठेवणारा माणूस दोन महिन्यांत तरबेज होतो. ही वही त्याची स्वतःची कमाई असून ती हबला फुकट देण्याचे काहीही कारण नाही.

मोबदल्याचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो, कारण मोबदला सामान्यतः पोहोचलेल्या पार्सलमागे ठरलेला असतो, तर खर्च मात्र किलोमीटरमागे होतो. केवळ उदाहरणादाखल असे धरले की पार्सलमागे 14 रुपये दर आहे, यादीत 40 पार्सले आहेत आणि फेरी 90 किलोमीटरची आहे, तर कागदावर 560 रुपये दिसतात. त्यांतील 8 पार्सले ग्राहक न भेटल्याने परत आली आणि परतीला मोबदला नसला, तर 448 रुपये उरतात. लिटरला 45 किलोमीटर धावणाऱ्या गाडीस 105 रुपये दराने दोन लिटर पेट्रोल लागले, तर 238 रुपये हाती राहतात, आणि टायर, चेनसेट व ऑइल यांचा हिशेब अद्याप झालेलाच नसतो. ॲपच्या नकाशावरही विसंबता येत नाही. माणिकडोहसारख्या धरणाच्या जलाशयापलीकडची वाडी डोळ्यांना समोर दिसते, नकाशावर बोटभर अंतरावर असते, आणि रस्त्याने मात्र सगळ्या पाण्याला वळसा घालून जावे लागते. म्हणून काम पत्करण्यापूर्वी त्या मार्गावर आधीपासून फिरणाऱ्या एखाद्या मुलाबरोबर पूर्ण दिवस जावे, मीटरचा आकडा सकाळी व संध्याकाळी लिहावा आणि दर पार्सलमागे किती यापेक्षा दर किलोमीटरमागे किती, हे काढावे. परतीचा दर, पेट्रोल भत्ता आणि कपातीची कारणे लेखी मागावीत. तोंडी मिळालेले आश्वासन महिनाअखेरीस कोणालाच आठवत नाही.

सर्वांत महाग पडलेली चूक ओटीपीसंबंधीची होती. ओटीपी म्हणजे ग्राहकाच्या मोबाइलवर येणारा एकवेळचा सांकेतिक आकडा. तो ॲपमध्ये भरला की पार्सल पोहोचल्याची नोंद होते. पश्चिमेकडील वाड्यांत अनेक ठिकाणी रेंज नसल्याने, खिंडीत रेंज असतानाच फोनवरून ओटीपी विचारून नोंद करायची आणि मग वाडीत उतरून वस्तू द्यायची, असा प्रघात वाटणाऱ्यांमध्ये पडलेला आहे. प्रस्तुत लेखकानेही तोच पाळला. एकदा नोंद झाल्यावर वाडीत पोहोचल्यावर घराला कुलूप दिसले, पार्सल शेजारच्या पडवीत ठेवले गेले, ते तेथून नाहीसे झाले, आणि ग्राहकाची तक्रार पूर्णपणे रास्त असल्याने त्या मोबाइल संचाची किंमत पुढील पगारांतून वळती झाली. संबंधित केंद्राने प्रघाताची माहिती असूनही हात वर केले, हे खरे. परंतु खोटी नोंद लेखकाच्याच बोटाने झाली होती, हेही तितकेच खरे. वस्तू हातात पडण्यापूर्वी ओटीपी घेऊ नये. रेंज नसेल तेथे ग्राहकाला ठरावीक वेळी फाट्यावर बोलवावे. लोक येतात, फक्त आदल्या संध्याकाळी फोन करून 'ताई, उद्या अकराला फाट्यावर येतो' असे सांगावे लागते.

रोख रकमेबाबत थोडक्यात सांगता येईल. सीओडी, म्हणजे वस्तू मिळताना पैसे देण्याची पद्धत, गावांत अजून रुळलेली आहे, आणि दिवसअखेर भरण्यात तूट आली तर ती 'शॉर्ट' म्हणून वाटणाऱ्याच्या माथी येते. ओळखीखातर उधारीवर पार्सल देऊ नये, शक्य तेथे क्यूआर कोडने पैसे घ्यावेत आणि हबमध्ये रोकड भरताना पावती हातात पडल्याखेरीज खुर्चीवरून उठू नये.

वाहनाच्या विम्याचा विषय मात्र बहुतेकांनी वाचलेलाच नसतो. पांढऱ्या पाटीच्या खासगी दुचाकीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर, तसेच नमुने व वैयक्तिक सामान वगळता अन्य मालाची वाहतूक त्यातून सामान्यतः वगळलेली असते. म्हणजे पाठीवर पार्सलांची थैली असताना झालेल्या अपघाताचा दावा नाकारण्यास विमा कंपनीला आधार मिळतो. कामावर घेणाऱ्याने याबाबत काय व्यवस्था केली आहे, हे पहिल्याच दिवशी विचारणे उद्धटपणाचे नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून, पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करून कमावणाऱ्या 'गिग कामगारा'ची व्याख्या तिच्यात आहे; पण ग्रामीण हब बहुधा पोटकंत्राटदाराच्या हाती असल्याने या तरतुदींचा लाभ साखळीच्या शेवटच्या माणसापर्यंत आपोआप येईल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. निदान ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेमार्फत सहभागी व्हावे. 18 ते 70 वर्षे वयाच्या खातेदारास वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपयांचे संरक्षण तीत मिळते. चहाच्या दोन कपांइतकी ही रक्कम आहे.

रस्त्याविषयी शेवटी लिहिले असले तरी तो विषय शेवटचा नाही. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर नित्याचा असून माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर उसातून जाणाऱ्या पाणंदीने, म्हणजे दोन शेतांमधील अरुंद वाटेने, एकट्याने जाऊ नये हे खरेच. तथापि लेखकाच्या मते बिबट्यापेक्षा गाळपाच्या हंगामात मागील दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली अधिक धोक्याची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शेवटचे पार्सल सूर्यास्तापूर्वी संपेल अशा रीतीने फेरी दूरच्या टोकाकडून सुरू करावी, जवळची घरे संध्याकाळसाठी ठेवावीत. पावसाळ्यात ओढ्यावरील फरशीवरून, म्हणजे पाण्याच्या पातळीलगत बांधलेल्या सखल पुलावरून, पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. ॲपमधील कारणांच्या यादीत 'फरशीवर पाणी' असे कारण सापडत नाही, म्हणून नवखा मुलगा 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा मारतो आणि दिवसभर घरीच असलेल्या ग्राहकाने तक्रार केली की तोच शेरा त्याच्यावर उलटतो. त्याऐवजी पाण्याचा फोटो वेळेसह काढून हबला व ग्राहकाला पाठवावा आणि पार्सल परत आणावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बहुधा ओसरलेले असते.