परगृही वाढणाऱ्या मुलांचे म्हणणे



चांदूर रेल्वे तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहावे. पालकाच्या रकान्यात वडिलांच्या नावाऐवजी कोठे मामाचे, कोठे आजीचे, तर कोठे मावशीच्या यजमानांचे नाव लिहिलेले आढळते. कोणाचा बाप नापिकीने व कर्जाने खचून गेला, कोणाची आई आजारात दगावली, कोणाचे आईबाप २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथीत गेले, तर कोणाच्या आईने दुसरा संसार मांडला आणि मूल आजोळी राहिले. कारणे भिन्न असली तरी अशा मुलाची अवस्था एकच असते. ज्या घरात ते वाढते ते घर त्याचे आहे आणि नाहीही. त्याच्याविषयी सर्वजण कळवळ्याने बोलतात, परंतु त्याच्याशी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

या उणिवेविषयी आणि ती दूर करण्यात प्राथमिक शिक्षकाने काय करावयाचे याविषयी प्रस्तुत पाठात विचार करावयाचा आहे.

आरंभी स्वतःच्याच एका चुकीची हकीकत सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी याच तालुक्यातील एका खेड्यात चौथीचा वर्ग शिकवीत असे. वर्गातील एक मुलगा मावशीकडे राही. मावशीची परिस्थिती ओढगस्तीची, मुलगा हुशार. तेव्हा त्याची सोय दूरच्या एका वसतिगृहात लावून द्यावी असे मी मनात घेतले. अर्ज मी लिहिला, दाखले मी जमविले, मावशीचा अंगठा घेतला आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मोठ्या आनंदाने ती वार्ता मुलास सांगितली. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "गुरुजी, मंग माही बहीन कोनापाशी राहीन?" त्याची धाकटी बहीण त्याच शाळेत दुसरीत होती. तिची वेणी तो घाली, तिला शाळेत तो आणी, हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. अर्जात मात्र तिचे नाव कोठेच नव्हते, कारण ज्यास सर्व ठाऊक होते त्यास मी एक शब्दानेही विचारले नव्हते. मुलगा गेला आणि दिवाळीच्या सुटीत आला तो परत गेलाच नाही. त्याचे ते वर्ष फुकट गेले. माझा हेतू वाईट नव्हता, हे त्या वर्षाची भरपाई होऊ शकत नाही.

मुलास विचारावे ही कल्पना आपल्याकडे अनेकांस नवलाची वाटते. "लहान लेकरास काय कळते?" असा प्रश्न लगेच येतो. वॉर्सा नगरीत डॉ. यानुश कोर्चाक या वैद्याने व लेखकाने १९१२ पासून अनाथ मुलांचे एक गृह चालविले. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय असे. न्यायाधीश मुलेच असत आणि मोठ्या माणसांविरुद्धही तेथे तक्रार नेता येई. खुद्द कोर्चाक यांना त्या न्यायालयापुढे उभे राहावे लागले होते. विशेष असे की, त्या न्यायालयाच्या संहितेतील बहुतेक कलमे शिक्षेची नसून क्षमेची होती. १९२६ साली त्यांनी मुलांनी लिहिलेले साप्ताहिकही सुरू केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी ही मुले त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेली, तेव्हा कोर्चाक त्यांच्यासमवेत गेले. मुलांना कळत नाही असे ज्यास वाटत नव्हते, त्यानेच अखेरपर्यंत त्यांची सोबत केली.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात हाच विचार आला. भारताने ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली. आपल्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये सहभागाचे तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे: ज्या निर्णयाचा बालकावर परिणाम होणार, त्यात आपले म्हणणे मांडण्याचा त्यास हक्क आहे, आणि त्याचे वय व समज लक्षात घेऊन त्या म्हणण्याचा विचार झाला पाहिजे. या अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांनी बालगृहांत सहा ते दहा, अकरा ते पंधरा व सोळा ते अठरा अशा तीन वयोगटांच्या बालसमित्या ठेवण्यास सांगितले आहे. रोजचा दिनक्रम, आहार, शिक्षण व करमणूक यांविषयी या समित्यांनी बोलावयाचे असते.

परंतु हे झाले बालगृहातील मुलांचे. मामाच्या घरी वाढणाऱ्या पोरास कोणती समिती? राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेतून अशा मुलांच्या कुटुंबांस साहाय्य मिळते. २०२३ पासून ते प्रत्येक बालकामागे दरमहा २,२५० रुपये झाले आणि योजनेस सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. रक्कम घरी पोहोचते, ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि त्या पैशाने वही घ्यावी की चप्पल, हे ज्यास सर्वांत अधिक ठाऊक त्याचे मत कोठे नोंदले जात नाही. २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने, जी पुढे मिशन वात्सल्यमध्ये समाविष्ट झाली, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली गावोगाव बाल संरक्षण समिती असावी असे ठरविले. तीत अंगणवाडी सेविका, शिक्षक यांच्यासह दोन बाल प्रतिनिधी घ्यावयास सांगितले. माझ्या पाहण्यात या दोन जागांवर बहुधा वर्गनायक किंवा गावातील प्रतिष्ठिताचे अपत्य बसविले जाते. ती मुले गुणी असतात, यात शंका नाही. पण ज्यांच्यासाठी समिती स्थापन झाली ती मुले त्या वेळी गुरे वळत असतात किंवा मामीस पाणी आणून देत असतात.

एकाच मुलीच्या बोलण्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, तेव्हा अनाथांसाठी कोणताच प्रवर्ग नसल्याने त्यांस खुल्या गटात गणले गेले. ज्यास आईबापच ठाऊक नाहीत त्याने जातीचा दाखला आणावा कोठून? हा प्रश्न त्यांनी थेट मुख्यमंत्र्यांपुढे मांडला आणि २०१८ मध्ये राज्यात अनाथांसाठी शासकीय नोकरी व शिक्षण यांत एक टक्का समांतर आरक्षण लागू झाले. कार्यालयांत वर्षानुवर्षे कागद फिरत असता जी अडचण कोणास दिसली नाही, ती जिने सोसली तिने दाखविली.

आपल्या जिल्ह्यातही याची साक्ष आहे. अचलपूरजवळील वझ्झर येथे श्री. शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस, अंध, मूकबधिर व मतिमंद मुलांना आपले नाव देऊन वाढविले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा दिव्यांगांस बालगृहातून बाहेर काढू नये, असा कायदा व्हावा हे त्यांचे मागणे फार जुने आहे. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांचेही म्हणणे असते, आणि ते समजून घेण्यास सहवास लागतो, हे वझ्झरला दिसते. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे श्री. मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेतील शिक्षकाची नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी शाळा काढली, तिचे नावच 'प्रश्नचिन्ह' असे आहे.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. हा पाठ चौथी व पाचवीसाठी परिसर अभ्यासाच्या दोन तासिकांत घेता येईल. पथ्य एकच, पण ते कसोशीने पाळावे: परगृही राहणाऱ्या मुलांना वेगळे काढून प्रश्न विचारू नयेत. "ज्यांचे वडील नाहीत त्यांनी हात वर करा" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी एखादी यादी भरण्याच्या घाईत उच्चारले असेल. त्या वर गेलेल्या हाताचे जे होते ते मूल विसरत नाही.

पहिल्या तासिकेत सर्व मुलांनी घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचे चित्र काढावे. ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र, रेशनचे दुकान, एस.टी.चा थांबा, हापसी ही ठिकाणे दाखवावीत आणि जेथे आपले काम अडते तेथे खूण करावी. चित्रांतून बरेच निघते. कोणास दवाखान्यात "मोठ्या माणसास घेऊन ये" म्हणून परत धाडलेले असते. कोणाचे आधार कार्ड जुन्या गावाच्या पत्त्यावर अडकलेले असते. दुसऱ्या तासिकेत मुलांनी नाव न घालता चिठ्ठी लिहावी: "मला कोणी विचारले असते, तर मी काय सांगितले असते?" चिठ्ठ्या पेटीत टाकाव्या आणि गुरुजींनी त्या एकट्याने वाचाव्या. मुलाने वऱ्हाडीत लिहिले असल्यास ते शुद्ध करीत बसू नये. नोंदवहीत त्याच्याच शब्दांत उतरावे. 'मले' चे 'मला' केले की अर्धे म्हणणे आपले होते.

एखाद्या चिठ्ठीत मारहाणीचा वा लैंगिक छळाचा उल्लेख आला तर ती बैठकीची वाट पाहणारी गोष्ट नव्हे. १०९८ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांस देणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारकच आहे.

उरलेल्या गोष्टी ग्राम बाल संरक्षण समितीपुढे न्याव्या आणि बाल प्रतिनिधींच्या दोनपैकी एका जागेवर नातेवाइकांकडे वा प्रतिपालक कुटुंबात राहणारे मूल, त्याची इच्छा असल्यास, घेण्याविषयी सरपंचांशी बोलावे. मुलाचे म्हणणे म्हणजे अखेरचा निर्णय नव्हे, हे त्यास आधीच सांगावे. सर्व मागण्या पुऱ्या होणार नाहीत. मात्र जे ठरले ते पंधरा दिवसांच्या आत वर्गात येऊन सांगावे, नकार मिळाला असेल तर तोही कारणासह सांगावा. विचारून उत्तर न देणे हे न विचारण्याहून वाईट, कारण त्यानंतर पेटीत चिठ्ठ्या पडत नाहीत.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात प्रवेशाची नोंद करताना लक्षात ठेवावे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ज्याच्याकडे बालकाची देखभाल व ताबा आहे तो 'पालक' या शब्दाच्या व्याप्तीत येतो. तेव्हा आजी असो वा मावशी, शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकसभेचे निमंत्रण तिच्याच नावाने जावे. आणि नाव लिहून झाल्यावर मुलास विचारावे: या शाळेत वा दुसऱ्या कोणत्या गावी तुझे भाऊबहीण आहेत काय? उत्तर शेऱ्याच्या रकान्यात लिहावे.