धवळ्यांतील प्रेमविचार

चातुर्मासातील निरूपण आटोपल्यावर एका वासनिक गृहस्थांनी विचारले, "बाबा, रुक्मिणीने पत्र पाठवून आपला वर आपणच निवडला, हे आम्ही धवळ्यांत भक्तीने गातो. माझ्या मुलीने मात्र आम्ही ठरविलेले स्थळ नाकारले, तेव्हा सारे घर तिच्यावर तुटून पडले. हे दोन्ही कसे जुळवावे?" लीळा ही स्मरणासाठी असते, अनुकरणासाठी नव्हे, असे उत्तर मी तेव्हा दिले. ते चुकीचे नव्हते. परंतु अपुरे होते. श्रीकृष्ण चक्रवर्ती हे परमेश्वरावतार, त्यांच्याशी कोणाच्या जावयाची तुलना होणार नाही हे खरे. पण या उत्तराने कन्या तेवढी गप्प होते, बाप आणि भाऊ मात्र सुटतात. त्या दोघांचे वर्तन तर पूर्णपणे जीवाचे आहे. त्याचा विचार करण्यास कोणती आडकाठी?

भागवताच्या दशम स्कंधात ही कथा अध्याय 52 ते 54 मध्ये आली आहे. रुक्मिणी श्रीकृष्णांस द्यावी असे आप्तांच्या मनात होते. रुक्मीने द्वेषामुळे ते मोडले व शिशुपाल ठरविला. भीष्मक राजा पुत्रस्नेहाच्या अधीन होऊन मुलाच्या मागे गेला. येथे थांबावे. भीष्मक दुष्ट नाही. त्याच्या ठायीही प्रेम आहे, असेच लोक म्हणतील. परंतु ज्या स्नेहाने एका अपत्यासाठी दुसऱ्या अपत्याच्या मनाकडे पाठ फिरविली, त्याला आपल्या शास्त्राच्या दृष्टीने मोह म्हणावे लागते. प्रेम हे परमेश्वराचे देणे आहे. ते जीवाला स्वबळाने उत्पन्न करता येत नाही. ममता मात्र अविद्येतून आपोआप उगवते आणि कुळ, प्रतिष्ठा, लोकलाज अशी भारदस्त नावे धारण करते.

रुक्मिणीकडे पाहा. तिने कुलाचार टाकला नाही. विवाहाच्या आदल्या दिवशी अंबिकेच्या दर्शनास जाण्याच्या कुळरीतीतूनच तिने वाट काढली. पुढे रुक्मी युद्धात सापडला, तेव्हा ज्याने तिचा घात केला त्याच भावाचे प्राण तिने श्रीचरणी लागून मागितले. स्वतःची निवड करणारी मुलगी घराची वैरीण होते, ही समजूत निदान या कथेत तरी टिकत नाही.

आणि हे प्रथम गाइले कोणी? ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंनी विवाहाची लीळा मांडली, तेव्हा धवळे गाणारी महदाइसा बालविधवा होती. लग्नघरी जिची सावलीही अशुभ मानीत, तिच्या मुखातून वराचे मंगल निघाले आणि श्रीप्रभूंनी ते स्वीकारले. (कौंडिण्यपूर आणि ऋद्धिपूर दोन्ही आज अमरावती जिल्ह्यातच आहेत, यात्रेकरूंनी दोन्ही स्थळे पाहावीत.) आपल्या कित्येक घरांत मात्र धवळे वाचले जातात आणि हळदीच्या वेळी विधवा आत्याबाई माजघरात बसून राहतात.

त्या गृहस्थांची पुन्हा भेट झाली तेव्हा मी एवढेच विचारले, की स्थळ नाकारण्याचे कारण मुलीला कोणी विचारले आहे काय. कोणीही विचारले नव्हते. तिला घेऊन या, असे सांगितले आहे. धवळ्यांच्या उत्तरार्धाचा विचार पुढील अंकी करू. दंडवत प्रणाम.