तोंड वाकडं झालं, कानामागे ठणकतंय: खर्च कशावर करावा, कशावर नाही

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतं, एक डोळा मिटत नाही, गाल बधिर वाटतो, कानामागे ठणकतं. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘वारं लागलं’, आणि कुणीतरी लकव्याचा पाला देणाऱ्याचं गाव सांगतं. यात दोन-तीन दिवस जातात, आणि उपचारासाठी नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

पहिली तपासणी घरीच, फुकट. रुग्णाला भुवया वर करायला सांगा. कपाळाच्या एका बाजूला आठ्या पडतच नसतील, डोळाही मिटत नसेल, तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला आलेली सूज. मंत्री असताना धनंजय मुंडे यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याला हाच आजार असल्याचं जाहीर केलं होतं. पण आठ्या दोन्हीकडे पडतात आणि तोंड तेवढं वाकडं आहे, हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, तोल जातोय, किंवा अर्धा चेहरा स्पर्शालाही सुन्न झालाय, तर मेंदूचा झटका समजून लगेच १०८ लावा. शंका असली तरी लावा. रुग्णवाहिका मोफत आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून सोबत द्या.

बेल्स पाल्सीचं मुख्य औषध प्रेडनिसोलोन. दहा दिवसांच्या गोळ्या साधारण शंभर-दीडशे रुपयांत येतात; जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. पण त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच. स्कॉटलंडमधल्या पाचशेच्या आसपास रुग्णांच्या अभ्यासात (२००७) या गोळ्या घेतलेल्यांपैकी ९४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ८२ टक्के. मधुमेह असेल तर आधी सांगा, या गोळ्यांनी साखर वाढते.

जायचं कुठे? बुलडाणा जिल्ह्यात असाल, तर बुलडाण्याचं जिल्हा रुग्णालय, खामगावचं सामान्य रुग्णालय, किंवा जवळचं ग्रामीण रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते आधी विचारा, पण त्या वारासाठी गोळ्या लांबवू नका; साधा एमबीबीएस डॉक्टरही त्या सुरू करू शकतो. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे सरकारी दराने थोडे पैसे लागतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत.

कानाकडे नीट पाहा. कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड, ऐकू कमी येणं, गरगरणं असेल तर तो नागिणीचाच प्रकार. त्यात विषाणूविरोधी गोळ्याही लागतात आणि त्यांचा खर्च प्रेडनिसोलोनच्या कित्येक पट होतो. तो टाळू नका. कान जुना वाहत असेल आणि तोंड वाकडं झालं, तर शस्त्रक्रिया लागू शकते. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. भरती व्हावं लागलं तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा (हेल्पलाइन १५५३८८). कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, मात्र ठरलेल्या उपचारांसाठीच. बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्यांना ते लागू नाही.

एमआरआयला काही हजार लागतात. साध्या बेल्स पाल्सीत तो सहसा लागत नाही. ‘यातून माझा उपचार बदलणार आहे का?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. ताकदीच्या सलाईनवर तर एक रुपयाही घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यापेक्षा डोळ्यावर खर्च करा. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते. दिवसा ओलावा देणारे थेंब, रात्री मलम आणि पापणी पूर्ण मिटवून वरून कागदी चिकटपट्टी. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रविभागात जा. तीन महिन्यांनंतरही चेहरा पूर्ववत झाला नाही, तर पुन्हा तज्ज्ञांना दाखवून घ्या.