रंगीत पुडी आणि लेकराची भूक



धम्मचक्र प्रवर्तन दिन आटोपला की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची ताई राहते. लेकरू रडू नये म्हणून तिच्या हाती बिस्किटाचा पुडा किंवा चॉकलेटी दाण्यांची पुडी दिली जाते. म्हणून या वेळी एक पुस्तक आणि एक जाहिरात यांचा एकत्र अभ्यास करू. दोन्हींत लेकरू आहे, भूक आहे आणि पुडी आहे.

पुस्तक : परवाना

डेबोरा एलिस या कॅनडाच्या लेखिकेची ही मुलांसाठीची कादंबरी. मूळ इंग्रजी पुस्तक 2002 साली आले. मराठीत अपर्णा वेलणकर यांनी ते ‘परवाना’ या नावाने आणले. एलिस यांनी पाकिस्तानातल्या छावण्यांत जाऊन अफगाण निर्वासित बायका-मुलांशी बोलून या गोष्टी लिहिल्या.

परवाना तेरा वर्षांची. युद्धात घर सुटले, वाटेत वडील वारले. हरवलेल्या आईला शोधत ती एकटी निघते. बॉम्ब पडलेल्या गावात तिला एक तान्हे बाळ सापडते, गुहेत एक पाय गमावलेला आसिफ भेटतो, पुढे लैला नावाची छोटी मुलगी. ही चार लेकरे एकमेकांचे घर होतात. कधी भांडतात, कधी हसतात, पण प्रत्येक पानावर प्रश्न एकच : आज खायचे काय?

शेवटी ती छावणीजवळ पोचतात. विमानातून अन्नाची पाकिटे पडतात, पण ती सुरुंग पेरलेल्या रानात. भुकेली लैला तिकडे धावते आणि जिवाला मुकते.

हे केवळ कल्पनेतले नाही. ऑक्टोबर 2001 मध्ये अमेरिकेच्या विमानांनी अफगाणिस्तानात बॉम्बही टाकले आणि अन्नाची पाकिटेही. पाकिटे पिवळी होती आणि न फुटता पडून राहिलेले छोटे बॉम्बही पिवळेच. शेवटी पाकिटांचा रंग बदलून निळा करणार, असे जाहीर करावे लागले.

आपली लेकरे निर्वासित नाहीत, सहा महिन्यांनी गावी परततात. तरी धाकट्याला कडेवर घेतलेली परवाना आपल्याला अनोळखी वाटत नाही. पुस्तक दुःखाचे आहे, म्हणून दहा वर्षांपुढच्या मुलांना द्या आणि मोठ्यांनी सोबत बसून वाचा. एक उणीव मात्र जाणवते : लिहिणारी बाहेरची आहे. कोपीवरच्या मुलीची गोष्ट आपल्याच मुलींनी लिहावी.

जाहिरात : वाटीत पोळी?

खाऊची पुडी म्हणजे काही बॉम्ब नव्हे. पण भुकेले लेकरू रंग पाहून धावते, आत काय आहे ते त्याला कळत नाही. ते कळून घेणे आपले काम आहे.

केलॉग्ज कंपनी 1994 साली भारतात आली. तिच्या ‘चोकोज’चा एक दावा असा की एका वाटीत एका पोळीइतकी प्रथिने आणि तंतू आहेत. केसमुत्ति सुत्तात भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. चला, तपासू.

पहिले : माप कशाचे लावले? पोळीचे. म्हणजे पोळी पौष्टिक आहे हे कंपनीलाही मान्य आहे. मग पोळीच का नको?

दुसरे : काय सांगितले नाही? साखर. पोळीत वरून साखर नसते, चॉकलेटी दाण्यांत असते. पुडीच्या मागे घटकांची यादी असते. जो पदार्थ वजनाने जास्त, तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिल्या तिनांत साखर दिसली तर समजून घ्या. ग्लुकोज, सिरप ही नावेही साखरेचीच.

तिसरे : वाटीत दूध कुणाचे? दुधासोबत खाल्ले तर बरीच प्रथिने दुधाची असतात. कोपीवर दूध नसते, लेकरू कोरडे दाणेच खाते.

चौथे : किंमत. पुडीवरचे वजन वाचा. 10 रुपयांना 25 ग्रॅम असेल तर किलोला 400 रुपये झाले. आता बाजरीचा भाव आठवा.

आपली भाकरी मोजून पाहा

100 ग्रॅम बाजरीत सुमारे 11 ग्रॅम प्रथिने, 11 ग्रॅम तंतू आणि 6 मिलिग्रॅम लोह असते. शेंगदाण्यात प्रथिने त्याच्या दुप्पट. भाकरी, डाळ, शेंगदाण्याचा कूट आणि वर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा दिला तर ते कमी शोषले जाते. म्हणून लेकरांना चहा-बिस्किटावर ठेवू नका.

फडावर जाताना हा डबा न्या : दोन वाट्या बाजरी किंवा ज्वारी आणि एक वाटी मूगडाळ वेगवेगळी भाजून दळून आणा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सहा महिन्यांपुढच्या बाळाला दोन-तीन चमचे पीठ पाण्यात चांगले शिजवून, थोडे तेल किंवा तूप घालून, घट्टसर भरवा. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. सहा महिन्यांच्या आत फक्त आईचे दूध. अख्खे शेंगदाणे-फुटाणे लहान लेकराला देऊ नका, घशात अडकतात, कूट द्या.

निघण्याआधी अंगणवाडी ताईंकडून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत आहार आणि लस मागा. ती भीक नाही, हक्क आहे.

दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. त्यापुढच्या लेकरांचे राखण आपल्यालाच करायचे आहे.

रविवारी विहारात चर्चेसाठी

1. घरातली एक रिकामी पुडी आणा. पहिले तीन घटक मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.
2. टीव्हीवरच्या खाऊच्या जाहिरातीतले घर आणि आपली कोपी यांत काय फरक दिसतो?
3. लैला का धावली? आपले लेकरू तसे धावू नये म्हणून टोळीतल्या बायका मिळून काय करू शकतील? आळीपाळीने एकीने कोपीवर थांबता येईल का? मुकादमाशी त्याबद्दल कोण बोलेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टोळी निघण्याआधीच ठरवा.

नमो बुद्धाय, जय भीम.