मुलीला जपायचंय? मग शाळा सोडवू नका

पालकहो, मुलगी वयात आली की घरात धाकधूक सुरू होते. कुठे वाईट संगतीला लागली तर? मग कोणीतरी सुचवतं, पुरे झालं शिक्षण, आता उजवून टाका. एचआयव्हीने ज्यांची घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, त्या आफ्रिकी देशांचा अनुभव मात्र नेमका उलट आहे.

बोट्स्वानाने १९९६ साली दहावीचा वर्ग वरच्या शाळेतून काढून कनिष्ठ माध्यमिक शाळेत आणला. नववीनंतर गळणारी पुष्कळ मुलं त्यामुळे पुढे शिकली. त्या पिढीचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की माध्यमिक शाळेच्या एकेका जादा वर्षामागे शंभरातले सुमारे ८ जण लागणीपासून वाचले. मुलींमध्ये हा आकडा ११च्या पुढे गेला.

मलावीतल्या झोम्बा जिल्ह्यात शाळकरी मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडे पैसे दिले गेले. दीड वर्षाने तपासणी केली, तर त्या मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के होतं. पैसे न मिळालेल्या मुलींमध्ये ३ टक्के. पैसे मिळालेल्या मुलींचे वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषांशी संबंधही कमी होते. खरी मेख इथेच आहे. फी, कपडे, चार पैसे यांसाठी पोरीला अशा पुरुषाच्या उपकाराखाली जावं लागतं, आणि लागण झालेली असण्याची शक्यता त्याच्यातच जास्त असते.

पश्चिम केनियातल्या शाळांत २००४ साली हेच उघड सांगितलं गेलं. जवळच्या किसुमू शहरात कोणत्या वयाच्या किती स्त्री-पुरुषांना लागण आहे, ते आकडे आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले. जेमतेम ४० मिनिटांचा तास, पण वर्षभरात त्या मुलींमधली गर्भारपणं २८ टक्क्यांनी घटली. नुसता संयमाचा उपदेश करणाऱ्या अभ्यासक्रमाने एवढं साधलं नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगते, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर तोडू नका. शाळा लांब असेल तर सोबत शोधा, फी जड जात असेल तर शिक्षकांशी बोला. तिच्या गरजा घरात मोकळेपणाने विचारा, म्हणजे त्या भागवायला बाहेरचा कोणी पुढे येणार नाही. आणि शरीराविषयी, आजाराविषयी, माणसांविषयी खरं काय ते मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, धाक न घालता सांगा. ते तुमच्याच तोंडून ऐकण्याचा त्यांचा हक्क आहे.