ग्राहकाचे कटू शब्द आणि श्रद्धावंताचा सब्र

ज्याची रोजी दररोज अनोळखी माणसांशी बोलण्यातून येते, त्याच्या सब्रची परीक्षा रमजानची वाट पाहत नाही. एस.टी.चा वाहक, रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढणारा लिपिक, पेट्रोल पंपावरील कामगार, हॉटेलातील वेटर, चप्पल ओळीतील विक्रेता, दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण, या सर्वांची परीक्षा दुकानाचे शटर वर जाताच सुरू होते. आपल्या कोल्हापुरातील कितीतरी मुस्लिम तरुण आज याच कामांत आहेत. त्यांचा एक प्रश्न वारंवार कानी येतो. समोरचा माणूस आईबहिणीवरून बोलतो. गप्प राहिले तर भेकड ठरतो, उत्तर दिले तर नोकरी जाते. अशा वेळी दीन काय सांगतो?

‘सब्र करा’ एवढे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सब्र म्हणजे जीभ गमावणे नव्हे. जीभ आपल्या ताब्यात ठेवणे होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्राकडे पाहिले तर असे आढळते की, त्यांच्याशी उद्धटपणे वागणारे लोक एकाच प्रकारचे नव्हते आणि प्रेषितांनी (स.) त्या सर्वांना एकच उत्तर दिले नाही. म्हणून राग येण्याआधी, समोरचा माणूस कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे ही पहिली पायरी आहे.

पहिला प्रकार : ज्याचा हक्क आपल्याकडे आहे

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. प्रेषितांना (स.) एका माणसाचा उंट परत करायचा होता. तो मागायला आला आणि कठोर भाषेत बोलू लागला. सहाबा त्याच्यावर धावून जाणार, तोच प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले. ज्याचे येणे आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे त्यांनी समजावले. त्याच्या उंटाच्या वयाचा उंट शोधण्यास सांगितले. तसा मिळेना, त्याहून चांगला मिळाला, तेव्हा तोच देण्याची आज्ञा केली. देणे उत्तम रीतीने फेडणारा हाच लोकांमध्ये उत्तम, असा त्या कथनाचा आशय आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्या माणसाची भाषा वाईट होती, पण त्याची मागणी खरी होती. प्रेषितांनी (स.) भाषा बाजूला ठेवली आणि मागणी हाती घेतली. आपण बहुधा याच्या उलट करतो. ‘आधी नीट बोला, मग बघतो’ असे म्हणून त्याच्या भाषेचा हिशेब मांडत बसतो आणि त्याचा हक्क तसाच पडून राहतो.

एस.टी.तील एक रोजचा प्रसंग घ्या. प्रवासी मोठी नोट देतो, वाहकाकडे सुटे नसतात, म्हणून तो उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो. उतरण्याचे ठिकाण जवळ येते आणि प्रवासी खेकसून पैसे मागतो. त्याचा स्वर कानाला बोचतो खरा. पण तिकिटामागचा तो आकडा म्हणजे शरीअतच्या दृष्टीने कर्ज आहे आणि प्रवासी हा हक्कदार. तीच गोष्ट तासभर रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाची. त्याच्या रागामागे भीती असते. त्याला शांत करण्यासाठी उपदेश उपयोगी पडत नाही. त्याचे काम करणे, किंवा ते का आणि किती वेळ थांबले आहे हे खरे सांगणे, हेच त्याचे उत्तर आहे.

दुसरा प्रकार : ज्याला बोलण्याची रीत ठाऊक नाही

हजरत अनस (रजि.) सांगतात की, प्रेषितांच्या (स.) अंगावर जाड काठाची नजरानी चादर होती. एका ग्रामीण अरबाने मागून येऊन ती इतक्या जोराने ओढली की, मानेवर वळ उमटला. त्याने काही मागितले तेही हुकूम सोडावा तसे. प्रेषित (स.) त्याच्याकडे वळले, हसले आणि त्याला काही देण्यास सांगितले (बुखारी). तो वाळवंटातला माणूस होता. त्याच्या हातात नाजूकपणा नव्हता, आणि मनात वैरही नव्हते. प्रेषितांनी (स.) त्याच्या हाताकडे न पाहता त्याच्या अंतःकरणाकडे पाहिले.

कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपली बोली रांगडी आहे. येथे अरे-तुरे हा पुष्कळदा जिव्हाळा असतो आणि मोठा आवाज ही नुसती सवय. नवरात्रात शहरात येणारा भाविक, बाजारच्या दिवशी खेड्यातून आलेला शेतकरी किंवा पहिल्यांदाच मोठ्या दुकानात पाऊल टाकणारी वृद्धा यांच्या बोलण्याला पुण्या-मुंबईच्या शिष्टाचाराचे माप लावणे अन्याय होईल. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे वर्णन आहे: ते भूमीवर नम्रतेने चालतात आणि अज्ञानी लोक त्यांच्याशी भिडले तर शांतीची गोष्ट बोलून बाजूला होतात (25:63). एक हसू आणि ‘बसा मामा, पाणी घ्या’ हे तीन-चार शब्द अशा वेळी वादावर पुरेसे पडतात.

तिसरा प्रकार : जो अपमान करण्यासाठीच बोलतो

खरी कसोटी येथे आहे. मदीनेतील काही लोक प्रेषितांकडे (स.) आले आणि सलामचा शब्द मुद्दाम वाकवून त्यांनी मृत्यूची बददुआ दिली. हजरत आयेशा (रजि.) यांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी संतापून शापासह ती परतवली. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, अल्लाहला प्रत्येक गोष्टीत सौम्यता प्रिय आहे. ते काय म्हणाले हे आपण ऐकले नाही काय, असे आयेशांनी (रजि.) विचारले. तेव्हा त्यांनी दाखवून दिले की, ‘आणि तुमच्यावरही’ एवढेच उत्तर त्यांनी दिले होते (बुखारी). म्हणजे प्रेषितांनी (स.) अपमान ऐकला नाही असे सोंग घेतले नाही. उत्तर दिले, मात्र मोजून, शिवीचा एक शब्दही न वापरता.

दिव्य कुरआनची शिकवणही अशीच समतोल आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने दाद मागितली तर त्याच्यावर दोष नाही (42:41). वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, अपवाद पीडिताचा (4:148). त्याचबरोबर सब्र आणि क्षमा हे मोठ्या हिमतीचे काम म्हटले आहे (42:43). मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, दोघे एकमेकांना शिव्या देतात तेव्हा पाप सुरुवात करणाऱ्यावर असते, जोपर्यंत पीडित मर्यादा ओलांडत नाही. म्हणून आपली मर्यादा सांभाळणे म्हणजे आपली बाजू अल्लाहच्या दरबारात स्वच्छ राखणे होय.

आपल्याच राज्यातील एक घटना अनेकांना आठवत असेल. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मीरा रोड येथे किराणा पोहोचवणारा मुस्लिम कामगार एका घरी गेला. त्याचा धर्म कळताच ग्राहकाने त्याच्या हातून सामान घेण्यास नकार दिला. त्या कामगाराने पोलिसांकडे तक्रार केली आणि काशीमिरा पोलिसांनी धार्मिक भावना दुखावण्याविषयीच्या कलम 295-अ खाली त्या ग्राहकाला अटक केली. हाही सब्रच आहे. त्याने आपल्या अपमानाचा न्याय दारात हातघाईने केला नाही आणि तो अपमान मुकाट गिळलाही नाही.

आपल्या तरुणांना आपले हक्क ठाऊक असावेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 नुसार लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर करणे हा गुन्हा आहे. शांतताभंग घडावा या हेतूने केलेल्या अपमानासाठी कलम 352 आहे. रुग्णालयातील सेवकांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 2010 चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून प्रसंग घडताच वेळ, ठिकाण आणि साक्षीदार यांची नोंद करावी, वरिष्ठांना कळवावे आणि गरज पडल्यास लेखी तक्रार द्यावी.

मात्र गुप्त सूड हा दाद मागण्याचा मार्ग नव्हे. उद्धट ग्राहकाच्या ताटात मुद्दाम शिळे वाढणे, त्याचे काम विनाकारण मागे ठेवणे, मापात कमी देणे, ही खियानत आहे. एखाद्या समुदायाच्या वैराने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये, ही कुरआनची आज्ञा (5:8) गल्ल्यावर आणि भटारखान्यातही तितकीच लागू आहे.

खरा पैलवान

कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान येथे आहे आणि पेठापेठांत तालमी आहेत. समोरच्याला चीत करणे म्हणजे काय, हे येथील लहान मुलालाही कळते. प्रेषितांनी (स.) नेमका हाच दाखला घेतला. दुसऱ्याला आसमान दाखवणारा बलवान नव्हे, तर रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा बलवान, असे त्यांनी शिकवले (बुखारी, मुस्लिम). कुस्ती न खेळणाऱ्याला कोणी पैलवान म्हणत नाही. तसेच ज्याला राग येतच नाही त्याच्यासाठी ही हदीस नाही. राग ज्याच्या छातीवर बसला आहे आणि जो त्याला खाली पाडतो, त्याच्यासाठी ती आहे.

या कुस्तीचे डावही प्रेषितांनी (स.) शिकवले आहेत. अऊज़ुबिल्लाह म्हणावे. उभे असाल तर बसावे, तरीही राग न गेल्यास आडवे व्हावे. वुजू करावे. कामावर असताना आडवे होता येत नाही, वुजूलाही वेळ नसतो. पण या शिकवणीतील मर्म वापरता येते. शरीराची स्थिती बदलली की राग ओसरू लागतो. दोन पावले मागे सरावे, घोटभर पाणी प्यावे, वाहकाने पुढच्या प्रवाशाकडे वळावे, विक्रेत्याने सहकाऱ्याला पुढे करावे.

आणखी एक गोष्ट. दिवसभर गिळलेला राग रात्री घरी नेऊ नये. ग्राहकासमोर मान खाली घालणारा माणूस पत्नीवर आवाज चढवत असेल तर तो सब्र नव्हे, रागाने बदललेला पत्ता आहे. कुटुंबाशी उत्तम वागणारा तोच तुमच्यात उत्तम, या अर्थाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती संध्याकाळी दाराची कडी वाजवताना आठवावी.

मालकाचे कर्तव्य

प्रेषितांनी (स.) सांगितले की, आपल्या भावाला मदत करा, तो जुलमी असो वा पीडित. जुलमीला मदत कशी करावी, असे विचारले असता, त्याला जुलमापासून रोखणे हीच त्याची मदत, असा खुलासा त्यांनी केला (बुखारी). ग्राहक म्हणेल ते खरे, असे मानून आपल्याच नोकराला चारचौघांत झापणारा मालक दोघांचेही नुकसान करतो. 2019 मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने मुस्लिम तरुण जेवण आणणार म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा झोमॅटो कंपनीने माणूस बदलण्यास नकार दिला आणि अन्नाला धर्म नसतो, असे जाहीर केले. ज्यांचे स्वतःचे दुकान आहे त्या आपल्या बांधवांनी स्वतःला विचारावे: माझ्या दुकानातील पोऱ्यासाठी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, मी असा उभा राहीन काय?

आपणही ग्राहक आहोत

आजवर जे सांगितले ते सेवा देणाऱ्याविषयी. पण आपल्यापैकी प्रत्येक जण दिवसातून कितीतरी वेळा ग्राहक असतो. विकताना, विकत घेताना आणि आपले येणे मागताना जो उदारपणे वागतो, त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे (बुखारी). त्या दुआत ग्राहकही आहे. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली, त्या काळात त्यांना साधा ‘उफ्’ही ऐकावा लागला नाही.

ग्राहकाच्या हाती किती सामर्थ्य असते, याचा दाखला या शहराच्या इतिहासात आहे. पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढण्यास साहाय्य केले. त्यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. काही ग्राहकांच्या नकाराने एका माणसाची रोजी अडली होती. एका ग्राहकाच्या चहाच्या कपाने ती मोकळी झाली आणि त्याची मानही ताठ झाली.

म्हणून या महिन्यात एवढा संकल्प करू या. सेवेत असू तेव्हा समोरच्याचा हक्क आणि त्याची भाषा वेगवेगळी तोलू. अपमान झालाच तर मर्यादेत राहून दाद मागू. आणि ग्राहक असू तेव्हा समोरच्या कामगाराला ‘ए’ न म्हणता भाऊ, दादा, ताई म्हणू. अल्लाह आपल्या जिभेला सौम्यता, मनाला सब्र आणि रोजीला बरकत देवो. आमीन.