अँजिओग्राफी स्वच्छ आहे, मग अटॅक आला कशाने?

तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीही नसलेल्या तरुण माणसाला हार्ट अटॅक येतो, अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात आणि घरच्यांना वाटते, संकट टळले. मला मात्र अशा वेळी जास्त काळजी वाटते, कारण अटॅक खरा आहे आणि त्याचे कारण अजून सापडलेले नाही. रक्तवाहिनी आकुंचन पावणे, तिचा आतला थर फाटणे, हृदयाच्या स्नायूला सूज येणे अशी कारणे असू शकतात. त्यांत एक कारण क्वचित आढळते, पण शस्त्रक्रियेने ते मुळासकट काढता येते. ते म्हणजे हृदयाच्या आत वाढलेली साधी, कर्करोग नसलेली गाठ.

प्रौढांमध्ये यातली सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे मिक्सोमा. साधारण चारपैकी तीन मिक्सोमा हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने चिकटलेले असतात. गाठ जेलीसारखी ठिसूळ असेल तर प्रत्येक ठोक्याबरोबर हलताना तिचे तुकडे सुटतात आणि शुद्ध रक्ताबरोबर शरीरभर जातात. बहुतेक वेळा ते मेंदूत अडकतात आणि पक्षाघात होतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या महाधमनीतून जवळजवळ काटकोनात फुटतात, म्हणून तुकडा तिकडे वळणे दुर्मीळ. पण वळला तर हार्ट अटॅक ठरलेला. पुढे तो फुटून विखुरला किंवा बारीक फांदीत सरकला, तर अँजिओग्राफीत काहीच दिसत नाही. महाधमनीच्या झडपेवर वाढणारी फायब्रोइलास्टोमा ही दुसरी गाठ इवलीशी असते; तिचेही तुकडे सुटतात, कधी तीच वाहिनीच्या तोंडावर येऊन रक्त अडवते.

इतक्या दुर्मीळ आजाराची भीती कशाला, असे कोणी विचारेल. हृदयातच उगम पावलेल्या गाठी 10,000 शवविच्छेदनांत जेमतेम दोनदा सापडतात, हे खरे आहे. म्हणूनच धडधाकट माणसांनी उगाच तपासण्या कराव्यात, असे मी म्हणणार नाही. पण अटॅक आलेल्या रुग्णाचा टू-डी इको करायचाच असतो. त्यात किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. तो झाला की नाही आणि कप्पे व झडपा नीट पाहिल्या का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. बारीक गाठीसाठी अन्ननलिकेतून इको करावा लागतो. रेंगाळणारा ताप, घटलेले वजन, रक्ततपासणीत वाढलेला ईएसआर, कूस बदलताच लागणारी धाप, पूर्वी काही मिनिटे अडखळलेली वाचा, यांतले काही असेल तर तेही आवर्जून सांगा. रुग्णाला ते अटॅकशी संबंधित वाटत नाही, म्हणून सांगायचे राहून जाते.

‘कॅन्सर नाही ना, मग थांबू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेतच,’ हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. पेशी निरुपद्रवी असल्या तरी गाठीची जागा तशी नाही, आणि गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ रक्ताची गुठळी नव्हे. या गोळ्यांनी तो विरघळत नाही. मिक्सोमा सापडला की शस्त्रक्रिया लांबवू नये. 1954 साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी तो प्रथम यशस्वीपणे काढला. आज ही हृदयशल्यचिकित्सकांच्या सरावाची शस्त्रक्रिया आहे आणि देठाच्या बुडाशी असलेला पडद्याचा भाग काढला तर गाठ क्वचितच परत येते. तरीही नंतर ठरावीक काळाने इको करत राहावा. गाठ कमी वयात आली असेल, गाठी एकाहून अधिक असतील किंवा अंगावर असामान्य काळसर ठिपके असतील, तर आजार आनुवंशिक असू शकतो. अशा वेळी आईवडील, भावंडे आणि मुले यांचाही इको करून घ्यावा.